चौकटीपलीकडचे इंजिन

१ एप्रिल २०२० रोजी भारतात बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. देश तेव्हा टाळेबंदीत घरात बसून होता, त्यामुळे या बदलाची फारशी चर्चा झाली नाही. एरवी थंडीत चोक ओढून, चार किका जास्त मारून गाडी चालू करणाऱ्या देशाच्या सवयीतला हा मोठाच पालट होता. कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर आला, आणि तो इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवणारा एक छोटा संगणक आला. त्याला ईसीयू म्हणतात. या ईसीयूमध्ये चालणारा प्रोग्रॅम पुष्कळदा कुणी ओळीमागून ओळ टंकलेला नसतो. कुणीतरी पडद्यावर चौकटी मांडलेल्या असतात, एक बेरजेची, एक गुणाकाराची, एक आकड्यांच्या तक्त्याची, आणि त्या रेघांनी जोडलेल्या असतात. त्या आकृतीवरून सी भाषेतला कोड दुसरा एक प्रोग्रॅम तयार करतो. या पद्धतीला मॉडेल-बेस्ड डेव्हलपमेंट असे नाव आहे. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत हजारो तरुण अभियंते या कामावर पोट भरतात. त्यांच्या घरी विचारले तर 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे, आणि ते फक्त आईवडील देत नाहीत. कंपन्या, कॉलेजे आणि खुद्द हे अभियंतेही आपले काम सॉफ्टवेअरचे, त्यातही एका विशिष्ट टूलचे, असे धरून चालतात. माझ्या मते या व्यवसायातले निम्मे दुखणे इथे आहे. कोड लिहिण्याचे काम यंत्राकडे गेल्यावर अभियंत्याकडे उरते ते ज्या वस्तूवर नियंत्रण ठेवायचे तिचे ज्ञान. ज्याला ते मिळत गेले त्याची कारकीर्द वाढते. ज्याला मिळाले नाही तो दहा वर्षांनीही पहिल्या वर्षीचेच काम जरा लवकर उरकत असतो.

नियंत्रणाचे शास्त्र संगणकापेक्षा पुष्कळ जुने आहे. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. इंजिनाने वेग घेतला की गोळे बाहेर फेकले जायचे, त्यांच्या ओढीने वाफेची झडप मिटत जायची आणि वेग पुन्हा खाली यायचा. नंतरच्या काळात असे गव्हर्नर सर्रास बसवले गेले. पण काही गव्हर्नर इंजिनाला स्थिर ठेवत, तर काही त्याला एकसारखे खालीवर झुलवत. असे का होते याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. म्हणजे ऐंशी वर्षे माणसे वस्तू वापरत होती आणि तिचे वागणे त्यांना उलगडलेले नव्हते. मोटारगाडीत ही विद्या खरी शिरली ती अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर. धुरातले तीन विषारी घटक एकाच वेळी साफ करणारा उत्प्रेरक नीट चालायचा तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग हे प्रमाण जवळपास अचूक राखावे लागते, आणि ते कार्ब्युरेटरच्या आवाक्यातले काम नव्हते. १९७६ मध्ये बॉशचा लॅम्डा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत बसला. धुरातला प्राणवायू मोजून इंधनाची मात्रा दुरुस्त करणारे चक्र त्यामुळे पुरे झाले. पुढच्या प्रत्येक कायद्याने या चक्रांची संख्या वाढवली.

तोपर्यंत कामाची रीत अशी होती की नियंत्रणाचा अभियंता कागदावर समीकरणे आणि वर्णन लिहून द्यायचा आणि प्रोग्रॅमर त्याचा कोड करायचा. पहिल्याला प्रोसेसरची मर्यादा ठाऊक नसायची, दुसऱ्याला इंजिन ठाऊक नसायचे, आणि दोघांमधली गैरसमजूत गाडी उभी राहिल्यावर बाहेर पडायची. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या मॅथवर्क्स कंपनीने नव्वदच्या दशकाच्या तोंडाशी सिम्युलिंक आणले. जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी १९८८ मध्ये सुरू झालेल्या डीस्पेसने ही मॉडेले खऱ्या वेळेत, खऱ्या तारांना जोडून चालवण्याची यंत्रसामग्री दिली. आता अभियंत्याने काढलेली आकृती हेच वर्णन, तीच चाचणीची वस्तू आणि तिच्यातूनच कोड, असा एक धागा तयार झाला. गैरसमजुतीचा सांधाच काढून टाकला, असा दावा होता. तो बराचसा खरा ठरला, हे मान्य करायला हवे.

पण त्या आकृतीत नेमके काय भरायचे असते? अगदी साधे वाटणारे एक काम घेऊ: सिग्नलला उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर स्थिर ठेवणे. वेग कमी झाला तर हवा वाढवा, जास्त झाला तर कमी करा, एवढे कुणीही सांगेल. चार चौकटींत हे मांडता येते आणि पडद्यावर ते सुरेख चालते. आता खरे इंजिन पाहा. ८०० फेऱ्यांना एक फेरी ७५ मिलिसेकंदांची, आणि चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक आवर्तन दोन फेऱ्यांचे, म्हणजे १५० मिलिसेकंदांचे. हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, थोडा उघडला तरी आधी सिलिंडरकडे हवा नेणारी नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, भरावी लागते, मग ती हवा सिलिंडरमध्ये शिरते, दाबली जाते, आणि मग स्फोट होऊन तिचा जोर फिरत्या दांड्यावर येतो. संगणक मात्र दर १० मिलिसेकंदांनी निर्णय घेत असतो. पहिल्या निर्णयाचे फळ दिसायच्या आत त्याचे आणखी डझनभर निर्णय होऊन गेलेले असतात. त्याने अधीरपणे हवा वाढवत नेली तर इंजिन एकदम उसळते, मग तो घाईने कमी करतो, आणि वेग खालीवर होत राहतो. गॅरेजवाले याला 'हंटिंग' म्हणतात. मॅक्सवेलला पडलेला प्रश्न तो हाच.

पुढे एसीचे बटण दाबले जाते. कॉम्प्रेसरचे ओझे एकदम इंजिनावर पडले तर ते गचका खाईल. म्हणून जाणता अभियंता कॉम्प्रेसर जोडण्याआधीच हवा वाढवून ठेवतो. आणि हवा मंद असल्याने तातडीच्या जोरासाठी ठिणगीची वेळ हाताशी ठेवतो, कारण ठिणगी पुढच्याच स्फोटाला बदलता येते. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की वेग ८०० च्या कितीतरी वर जातो. त्या वेळी हव्या आणि खऱ्या वेगातल्या फरकाची बेरीज साठवणारा इंटिग्रेटर गोठवावा लागतो. तो गोठवायचा राहिला, तर पाय काढल्यावर तो भलतीकडेच साचलेला हिशेब घेऊन परत येतो, आणि इंजिन अडखळते किंवा बंदच पडते. यातली एकही गोष्ट सिम्युलिंक शिकवत नाही. इंटिग्रेटरच्या चौकटीला मर्यादा घालायची सोय त्यात आहे. कुठे, कधी आणि का घालायची हे इंजिन सांगते.

दुचाकीचे उदाहरण आणखी बोलके आहे, कारण तिथे पैशापैशाचा हिशेब असतो. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन एका आवर्तनात दोनदा वर येतो: एकदा दाब देऊन स्फोटाला तयार, एकदा धूर बाहेर ढकलून. फिरत्या दांड्यावरचा, म्हणजे क्रँकवरचा, सेन्सर दोन्ही वेळा तेच सांगतो. मोटारीत हा गोंधळ सोडवायला कॅमशाफ्टवर वेगळा सेन्सर असतो. स्वस्त मोटारसायकलीत तो परवडत नाही. पण एकच सिलिंडर असल्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब फक्त हवा ओढण्याच्या स्ट्रोकला झपकन पडतो आणि एरवी चढलेला राहतो. हे ज्याला माहीत आहे तो दाबाच्या सेन्सरवरूनच इंजिन कोणत्या स्ट्रोकला आहे हे ओळखतो आणि एक अख्खा सेन्सर, त्याची तार आणि त्याचा बिघाड वाचवतो. लाखो गाड्यांवर ही बचत किती होत असेल याचा अंदाज वाचकाने करावा. ही युक्ती इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाकडे पाहत बसलेल्या कुणाला तरी सुचली आहे. चौकटींकडे पाहून ती सुचणारी नाही.

यंत्र न कळल्यास काय होते, या उलट बाजूचा पुरावा अधिक जड आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडालेला एरियान-५ हा अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आसपास फुटला. दिशादर्शक यंत्रणेत आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही, आणि यंत्रणा बंद पडली. तो कोड एरियान-४ मधून जसाच्या तसा उचलला होता. एरियान-४ च्या मार्गात ही संख्या कधीच एवढी वाढणार नाही असा हिशेब करून तिथले संरक्षण मुद्दाम गाळले होते, आणि त्या अग्निबाणापुरता तो हिशेब बरोबर होता. नव्या अग्निबाणाचा मार्ग वेगळा होता. कोड तोच, प्लान्ट निराळा. (नियंत्रणाखाली असलेल्या यंत्राला या व्यवसायात प्लान्ट म्हणतात.) बोइंग ७३७ मॅक्सची कथा त्याहून काळी. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचे आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचे विमान कोसळले. मिळून ३४६ माणसे गेली. विमानाचे नाक आपोआप खाली करणारी यंत्रणा, एमकॅस, विमानाचा हवेशी होणारा कोन मोजणाऱ्या एकाच सेन्सरवर विसंबलेली होती आणि तो सेन्सर खोटे सांगत असताना पुन्हा पुन्हा नाक खाली दाबत राहिली. ती लिहून दिल्याबरहुकूमच वागली. जे लिहून दिले होते तेच सदोष होते: एक सेन्सर बिघडला तर काय होईल, आणि भांबावलेला वैमानिक काही सेकंदांत काय करू शकेल, याचा अंदाज चुकला होता. मॉडेलवरून कोड कितीही निर्दोष काढला तरी असल्या चुकीला तो हात लावू शकत नाही. उलट ती चूक तो अत्यंत इमानाने विमानापर्यंत पोहोचवतो.

आता पुण्याकडे वळू. या शहराला या विद्येत उगाच जागा मिळालेली नाही. पिंपरी-आकुर्डीच्या पट्ट्यात वाहनांचे कारखाने होतेच, कोथरूडला कमिन्स होते, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-चाचणीची संस्था टेकडीवर होती. १९९० मध्ये सुरू झालेली केपीआयटी २०१९ च्या विभाजनानंतर निखळ वाहन-सॉफ्टवेअरची कंपनी झाली. परदेशी वाहन कंपन्यांनी आणि त्यांच्या पुरवठादारांनी इथे केंद्रे थाटली. परंतु काम वाटले गेले ते फाळके पाडून. एक जण रिक्वायरमेंट वाचून मॉडेल काढतो, दुसरा 'मिल' आणि 'सिल' चाचण्या करतो, म्हणजे आधी मॉडेल आणि मग त्यातून निघालेला कोड संगणकावरच तपासतो. तिसरा 'हिल'च्या कपाटासमोर बसून खऱ्या ईसीयूला खोटे इंजिन दाखवतो. कॅलिब्रेशन, म्हणजे खऱ्या गाडीवर तक्त्यांतले आकडे बसवणे, बहुधा श्टुटगार्ट किंवा डेट्रॉइटला होते. जर्मनीशी वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. दुपारनंतर कॉल होतो, तिकडचा माणूस सांगतो की अमुक सिग्नलला फिल्टर लावा, इकडचा लावतो. का लावायचा हे विचारायला कॉलमध्ये वेळ नसतो, आणि ज्या गाडीचा तो सिग्नल आहे ती इकडच्या माणसाने पाहिलेली नसते. पाच वर्षांनी त्याच्या बायोडेटावर टूलांची लांबलचक यादी असते. इंजिनाबद्दल एकही वाक्य नसते.

यावर पहिला आक्षेप बाजाराचा आहे. कंपन्या जाहिरातीत टूलांचीच नावे देतात, मुलाखतीत त्यांबद्दलच विचारतात, पगार त्यांवर ठरतो. मग उमेदवाराने इंजिन शिकत बसायचे कशाला? पहिली नोकरी टूलवर मिळते हे खरे आहे आणि टूल शिकू नका असे कुणी शहाणा सांगणार नाही. पण टूलचे ज्ञान ज्या वेगाने मिळते त्याच वेगाने ते स्वस्त होते. सहा महिन्यांत जे येते ते दरवर्षी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांनाही सहा महिन्यांत येते. सातव्या-आठव्या वर्षी या अभियंत्याची स्पर्धा निम्म्या पगारावर येणाऱ्यांशी सुरू होते, आणि हातात तेच हत्यार असते. दुसरा आक्षेप सुरक्षेच्या मानकांचा. आयएसओ २६२६२ हे वाहनांतल्या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या कार्यात्मक सुरक्षेचे मानक २०११ मध्ये आले, २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यात ए पासून डी पर्यंत धोक्याच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला कोणत्या चाचण्या कराव्यात हे दिलेले आहे. एवढी शिस्त असताना प्रत्येकाला इंजिन कळायची गरज काय, असे विचारले जाते. पण त्या मानकात सुरुवातीलाच धोक्याचे विश्लेषण येते: हा बिघाड झाला तर गाडी काय करेल, रस्त्यावरच्या माणसाला किती इजा होईल, चालकाला ती टाळता येईल का. या प्रश्नांना तक्त्यात रकाने आहेत, उत्तरे नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. इंजिनच संपत चालले आहे. दहा-पंधरा वर्षे घालून मॅनिफोल्ड आणि ठिणगी शिकायची आणि उद्या सगळे बॅटरीवर गेले तर ते ज्ञान भंगारात, असे तरुण म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. तरी बॅटरीच्या नियंत्रणात काय असते ते पाहावे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते. बॅटरी सत्तर टक्के भरली आहे की चाळीस, हे नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही. म्हणून आत-बाहेर गेलेला विद्युतप्रवाह मोजत बेरीज ठेवावी लागते. प्रवाहाच्या सेन्सरमध्ये तीळभर कायमची चूक असली तरी ती बेरजेत साचत जाते आणि आठवड्याभराने पडद्यावरचा आकडा भलताच झालेला असतो. मग सेलचे मॉडेल चालवून, मोजलेले आणि अपेक्षित व्होल्टेज ताडून अंदाज सुधारावा लागतो. यासाठी पुष्कळदा वापरतात ती रीत रुडॉल्फ कालमानने १९६० मध्ये दिलेली आहे. इंजिनाच्या इंटिग्रेटरने ज्याचे हात एकदा भाजले आहेत त्याला या बेरजेकडे संशयाने पाहायला शिकवावे लागत नाही. सेन्सर कुठे खोटे बोलतो, परिणाम किती उशिरा येतो, आवाक्याची सीमा कुठे आहे, हे विचारण्याची सवय प्लान्ट बदलला तरी अंगात राहते. यंत्र बदलेल, यंत्राकडे पाहण्याची सवय नसलेल्याला मात्र जुनी आणि नवी दोन्ही यंत्रे सारखीच परकी.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे काय, हा आक्षेप याच ओळीतला आहे आणि त्याने माझा मुद्दा घट्टच होतो. लिहून दिलेल्या वर्णनावरून चौकटी मांडणे आणि चाचण्यांचे साचे भरणे ही कामे यंत्राला जमू लागली आहेत. म्हणजे कामाचे जे तुकडे आपण आपल्या तरुणांना दिले, नेमके तेच आधी जाणार आहेत.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने सोपी नाही, आणि ती टाळणे अप्रामाणिक होईल. फोक्सवॅगनच्या ज्या अभियंत्यांनी डिझेल गाड्यांत फसवे सॉफ्टवेअर घातले त्यांना प्लान्ट उत्तम कळत होता. चाचणीच्या रोलरवर गाडी पळते तेव्हा चाके फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही. वेग आणि वेळ ठरलेल्या वळणाने जातात. अशा खुणांवरून परीक्षा ओळखायची, तेवढ्यापुरता धूर साफ ठेवायचा आणि रस्त्यावर सोडून द्यायचा, ही कल्पना गाडी न कळणाऱ्याला सुचणारच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ ला नोटीस दिली आणि जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या या प्रकरणात निघाल्या. तेव्हा यंत्राचे ज्ञान माणसाला सज्जन करते असा दावा मी करत नाही. पण ही चोरी पकडली कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने धूर मोजण्याचे फिरते यंत्र गाडीत टाकून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर मोजमाप केले. त्या गटात भारतातून गेलेले तरुण संशोधकही होते. कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एक नाही, हे ओळखायला रस्त्यावर जावे लागले. भारतात असे रस्त्यावरचे मोजमाप १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात आले, आणि फक्त प्रयोगशाळेतल्या चक्रापुरते मॉडेल बसवण्याचे दिवस आपल्याकडेही सरले.

राहता राहिला अंतराचा प्रश्न: गाडी जर्मनीत असेल तर पुण्याच्या अभियंत्याने करायचे काय? अंतर आहे, पण ते म्हणतात तेवढे मोठे नाही. गाडीवरच्या चाचण्यांच्या नोंदी रोज सर्व्हरवर येऊन पडतात. त्या उघडून आपल्या मॉडेलने थंड इंजिनावर, उंच घाटात, अर्धवट संपलेल्या बॅटरीवर काय केले ते पाहायला पासपोर्ट लागत नाही. लागते ती परवानगी आणि आठवड्यातले दोन तास, आणि ते व्यवस्थापकाच्या हातात असते. 'हिल'च्या कपाटातले खोटे इंजिन कुणीतरी समीकरणांनी बनवलेले असते. ते उघडून वाचणे हा फुकटचा अभ्यासक्रम आहे. शिवाय मोटारसायकल, स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर यांचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत याच देशात, पुष्कळसे याच जिल्ह्यात होते. परदेशी ग्राहकाच्या कामापेक्षा ते कमी प्रतिष्ठेचे मानले जाते, हा निव्वळ आपला न्यूनगंड. एका सिलिंडरच्या इंजिनात मॅनिफोल्डच्या दाबावरून स्ट्रोक ओळखायला लागणारी अक्कल आलिशान मोटारीच्या सीटची मोटर हलवणाऱ्या मॉडेलपेक्षा कितीतरी वरची आहे.

म्हणून या वर्षी कॉलेजातून बाहेर पडून या क्षेत्रात शिरणाऱ्यांना एक सांगणे आहे. मुलाखतीत पगार जरूर विचारा, टूल कोणते तेही विचारा. पण त्याबरोबर विचारा की ज्या यंत्रासाठी हे मॉडेल आहे ते कुठे उभे आहे, त्याचा डेटा मला बघायला मिळेल का, आणि माझ्या मॉडेलचे कॅलिब्रेशन चालू असताना वर्षातून एकदा तरी मला तिथे बसता येईल का. तीनही उत्तरे नकाराची आली आणि दुसरीकडे कमी पगाराची पण हो म्हणणारी नोकरी असली, तर दुसरी घ्या.